काकांची गाडी आणि काकूची झोप

माझ्या काकांना कुणी "आता आराम करा" म्हटलं की ते त्या माणसाकडे असं बघायचे, जणू त्याने उतारावर उभ्या असलेल्या भरल्या गाडीचा हँडब्रेक काढायला सांगितलाय. उभं आयुष्य त्यांनी मालट्रक चालवला. आराम हा शब्द त्यांना रस्त्याकडेच्या पाट्यांवर वाचून माहीत होता, आणि तिथेही ते फारसे थांबत नसत. मग एकदा डाव्या डोळ्याच्या कडेचं दिसेनासं झालं. डॉक्टर म्हणाले, चालता येईल, वाचता येईल, गाडी मात्र आता बंद. काका भांडले नाहीत. मालकाच्या ऑफिसात जाऊन किल्ली टेबलावर ठेवली, घरी आले, हात धुतले आणि जेवायला बसले. काकू सांगते, त्या दिवशी त्यांनी ताट अगदी पुसून स्वच्छ केलं.

पुढे त्यांनी काकूच्या स्वयंपाकघराची वाट लावली. सगळे डबे उतरवून वजनाप्रमाणे पुन्हा लावले. जड खाली, हलके वर, आणि दोन्ही बाजूंना भार सारखा. काकूला मीठ सापडेना. ती कुणाबद्दल तक्रार करणारी बाई नाही, पण मला फोन करून म्हणाली, "यांच्यासाठी काहीतरी कर गं बाई. हे असेच घरात राहिले तर एक दिवस मलाच उचलून खालच्या फळीवर ठेवतील."

मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवते. दुकान लहान आणि बाईचं तोंड मोठं, असं गिऱ्हाइकं म्हणतात, आणि ते खोटं नाही. सुटे भाग माझ्याकडे पडलेले असतातच. त्यांतून मी काकांसाठी गेम खेळायचा एक दणकट कॉम्प्युटर जुळवला, टेबलाला स्टिअरिंग बसवलं, पायाशी पेडल ठेवले आणि ट्रक चालवायचा एक गेम टाकून दिला. काका हसले. "पोरी, हे खेळणं आहे." तरी बसले. पहिल्याच खेपेत गाडी उलटी घेऊन गोदामाच्या धक्क्याला अशी लावली की दोन्ही अंगांना जागा सारखी. मग खुर्चीतून उठून मला विचारलं, "इथे पावतीवर सही कोण करतं?"

तेव्हापासून दुपारचं जेवण झालं की काका कामावर जायला लागले. घरातल्या घरात, पायात बूट घालून. निघण्याआधी टेबलाभोवती एक फेरी मारायची, वायर कुठे लोंबत नाही ना बघायचं, कॉम्प्युटरचा पडदा फडक्याने पुसायचा. डावीकडचा आरसा बघायला त्यांना मान पूर्ण वळवावी लागते, ती ते दर वेळी वळवतात. माझ्याकडे येणारी कॉलेजची पोरं या गेममध्ये सिग्नल तोडतात आणि वर फुशारकी मारतात. काका रिकाम्या रस्त्यावरसुद्धा इंडिकेटर देतात.

"काका, मागे कुणी नाहीये," मी एकदा म्हणाले.

"नसू दे. मी वळतोय ना?"

आता काकूचं सांगायला हवं. काकूला झोप नव्हती. काका रस्त्यावर असायचे त्या सगळ्या वर्षांत ती रात्री जागीच असायची, आणि ते कायमचे घरी आले तरी जागरण काही गेलं नाही. गोळ्या झाल्या, तळपायाला तेल चोळून झालं, शेजारणींचे सगळे सल्ले करून झाले. डोळ्यांखाली काळं, रक्तदाब वर, चालताना भिंतीला हात. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की यांना झोप मिळाली नाही तर हृदयाचं काही खरं नाही. काका हे घरात कुणाला बोलले नव्हते. मला बोलले, आणि बोलून झाल्यावर उगाच चष्मा पुसत बसले.

तर ही झोप त्या गेमने आणली. काकांना सोबत म्हणून काकू त्यांच्या डाव्या हाताला खुर्ची टाकून बसायला लागली. ती क्लीनरची बाजू. खऱ्या गाडीत घरच्यांना बसवायला मालकाची सक्त मनाई होती, त्यामुळे लग्नाला इतकी वर्षं होऊन ती नवऱ्याच्या गाडीत कधी बसलीच नव्हती. पहिल्या दिवशी पडद्यावरचा घाट चढता चढताच तिची मान कलली, आणि ती एकदम चहाच्या वेळेला उठली. दुसऱ्या दिवशी तेच. अंथरुणावर मिनतवाऱ्या करूनही न येणारी झोप त्या लाकडी खुर्चीत आपण होऊन यायची. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर तजेला आला, भिंतीवरचा हात सुटला. काकांची गाडी चालली तर काकू झोपणार, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक झालं. काका मुद्दाम लांबचा माल घ्यायला लागले.

म्हणूनच त्यांचा फोन आला, "पडद्यावर रंगीत चौकोन येतात, मग सगळं बंदच पडतं," तेव्हा मी हातातलं काम टाकून धावले.

रंगीत चौकोन म्हटलं की दुरुस्तीवाल्याला पहिला संशय येतो ग्राफिक्स कार्डाचा. गेममधले रस्ते, झाडं, आभाळ रंगवायचं काम त्याचं. ते आजारी पडलं की चित्राला पुरळ उठतं. हे कार्ड मी जुनंच बसवलं होतं, त्यामुळे संशय पक्का झाला. मशीन दुकानात आणलं. धूळ काढली, कार्ड काढून पुन्हा घट्ट बसवलं, आणि कार्डाला घाम फोडणारा एक प्रोग्रॅम लावून दिवसभर पळवलं. एक चौकोन येईल तर शपथ. पंखे तेवढे कोकलत होते, पण म्हाताऱ्या कार्डाचे पंखे कोकलतातच. घरी नेऊन लावलं. दुसऱ्याच दिवशी फोन आला. "बंद पडलं. ही दचकून उठली."

"ड्रायव्हर बदलून बघते," मी म्हणाले. कार्ड चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला आमच्या धंद्यात ड्रायव्हर म्हणतात.

काका म्हणाले, "बदल. आमचा मालकही तेच म्हणाला होता."

मी घाईघाईने समजावून सांगितलं. ते हसले, मीही हसले, पण त्या दिवशी दुकानात मी प्रत्येक गिऱ्हाइकावर खेकसले.

ड्रायव्हर बदलून झाला, वायर बदलून झाली, वीज पुरवणारा डबा बदलून झाला. शेवटी माझ्या दुकानातलं चांगलं कार्ड काढून त्यात घातलं. तेही बंद पडलं. आता दोन्ही कार्डं बिघडलेली, की घराची वीज बिघडलेली, की माझं डोकं? वायरमन बोलावला. त्याने वीज तपासली आणि ठणठणीत आहे म्हणाला. मी काकांना फोनवर विचारलं, "त्याला वारा मिळतो ना? समोर काही ठेवलं नाही ना?" काका दुखावल्यासारखे म्हणाले, "गाडीला वारा लागतो हे तू मला शिकवणार? पुढून सगळं मोकळं आहे." आणि ते खरंच मोकळं होतं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

इकडे काकूचं पुन्हा बिनसायला लागलं. डोळा लागावा आणि ऐन गाढ झोपेत मशीन बंद पडावं, की ती छातीवर हात ठेवून उठायची. एकदा उठली की संपलं. पुन्हा डोळ्यांखाली काळं, पुन्हा भिंतीला हात. काका म्हणाले, "असं दचकण्यापेक्षा मी चालवतच नाही." तेही करून पाहिलं. मग तर तिचा डोळाच लागेना.

शेवटी मी ठरवलं की समोर बसूनच बघायचं. दुपारी गेले. माणूस घरी आल्यावर काकू झोपेल कशी? ती माझ्याशी गप्पा मारत बसली. कोण आजारी आहे, कुणाचं लग्न जमलं, माझं का जमत नाही. संध्याकाळपर्यंत काकांची गाडी एकदाही अडली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, पुन्हा तेच, वर माझ्यासाठी एक स्थळ. तिसऱ्या दिवशी मी दुकानात होते आणि दुपारी फोन आलाच. समोर शहाणं आणि माघारी वेडं असं वागणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, मशीन पहिल्यांदाच पाहत होते.

वैतागून मी काकूलाच फोन लावला. "तू शेजारी असतेस ना, मग नेमकं काय होतं ते सांग. आधी चौकोन येतात की आधी पंखा वाढतो?"

"मला काय विचारतेस? मी झोपलेली असते."

"दर वेळी?"

"दर वेळी. मी जागी असताना ते कधी बिघडलंच नाही बघ."

फोन ठेवून मी तशीच बसून राहिले. काकू झोपली काय आणि जागी असली काय, कॉम्प्युटरला काय त्याचं? त्याला काहीच नाही. मग त्या घरात ज्याला फरक पडतो असा उरला एकच माणूस.

दुसऱ्या दिवशी मी जेवणाच्या वेळेलाच गेले. डोकं दुखतंय, आत जरा पडते, तुम्ही तुमचं चालू द्या, असं सांगून आतल्या खोलीत गेले आणि दार अर्धवट लोटून घेतलं. फटीतून दोघांच्या पाठी दिसत होत्या.

काकांनी बूट घातले, फेरी मारली, गाडी काढली. पंखे घोंघावायला लागले. हळूहळू काकूची मान कलली. काकांनी तिच्याकडे मान पूर्ण वळवून पाहिलं, कारण ती डाव्या हाताला बसते आणि नुसत्या नजरेने त्यांना ती दिसत नाही. मग इंडिकेटर देऊन गाडी कडेला घेतली. हँडब्रेक ओढला. पाय न वाजवता उठले, कपाटातून एक जुनी जाड रजई काढली आणि कॉम्प्युटरवर घातली. नुसती टाकली नाही. वरून पसरली, मागून खाली सोडली, दोन्ही बाजूंनी खोचली, आणि पुढची कड दुमडून तेवढा भाग उघडा ठेवला. तान्ह्या बाळाला पांघरूण घालावं तसं सगळं सावकाश चाललं होतं. घोंघाट दबला. काका परत बसले, पुन्हा मान वळवून काकूकडे पाहिलं, आणि गाडी रस्त्यावर घेतली.

ओरडायला उघडलेलं माझं तोंड मी तसंच मिटलं. मला राग यायला हवा होता, इतके दिवस मी काय काय उपसलं होतं. पण मी फटीला डोळा लावून तशीच बघत राहिले.

काही वेळाने चौकोन आले. मशीन बंद पडलं, पंखे थांबले. काकांनी लगबगीने रजई ओढून कपाटात कोंबली आणि तेवढ्यात काकू दचकून उठली. "काय झालं? का थांबलो?"

काकांना मी स्वयंपाकघरात नेलं. "रजई कशाला?"

"पाहिलंस होय?" ते ओशाळले. "तिला सांगू नकोस. म्हणेल, माझ्यासाठी कशाला एवढं. अगं, गेममधल्या इंजिनाचा आवाज मी पहिल्या दिवसापासून बंदच ठेवलाय, तिची झोप मोडायला नको म्हणून. पण तुझे ते पंखे मध्यंतरी फारच ओरडायला लागले. पूर्वीच्या गाड्यांत इंजिन केबिनमध्येच असायचं, ड्रायव्हर आणि क्लीनरच्या मध्ये. वर लोखंडी झाकण. क्लीनर झोपला की आम्ही त्या झाकणावर रजई टाकायचो. आवाज कमी, धग कमी. इंजिनाला काही होत नाही, त्याचा वारा समोरून येतो. म्हणून तर पुढून मोकळं ठेवतो मी."

"काका, तो कॉम्प्युटरचा डबा पुढून हवा घेतो आणि वरून नि मागून सोडतो. तुम्ही त्याला श्वास घेऊ देताय, सोडू देत नाही."

काका स्टुलावर बसले. त्यांना समजायला वेळ लागला नाही, इंजिनं त्यांनी माझ्यापेक्षा जास्त पाहिली होती. "म्हणजे मीच तापवलं," ते म्हणाले. "आणि तिला दचकवलं ते पण मीच." हात मांडीवर तसेच उघडे पडले होते. मला त्यांची इतकी माया आली की मी खेकसूनच बोलले, मला दुसरं काही येत नाही. "तापवलंत तर तापवलंत. तुमचं जुनं कार्ड तापवूनही मेलेलं नाही. भाजलंय, पण जिवंत आहे. तेच परत बसवते."

"ते ठीक आहे. पण तिच्या झोपेचं काय?"

मी म्हटलं, आवाजच खोलीबाहेर काढते. सुट्टीच्या दिवशी ड्रिल घेऊन गेले, भिंतीला भोक पाडलं, मशीन पलीकडे घरातल्याच बोळात स्टुलावर ठेवलं आणि लांब वायरी ओढून खोलीत फक्त पडदा, स्टिअरिंग आणि पेडल ठेवले. काकांनी गाडी सुरू केली तर खोलीत भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. मी स्वतःवरच खूश झाले. काकू म्हणाली, "किती छान शांत केलंस गं."

आणि ती झोपली नाही. पहिल्या दुपारी आम्ही म्हटलं, नवीन आहे, होईल सवय. दुसऱ्या दुपारी डोळे मिटून पडली होती, पण पापण्या हलत होत्या. काका श्वास रोखून गाडी चालवायचे, गिअरसुद्धा चोरासारखा टाकायचे. आठवडाभर ती "येईल हो झोप" म्हणत राहिली आणि तिचा चेहरा उतरत गेला. एका दुपारी मला राहवलं नाही.

"काकू, खरं सांग. भोक मी पाडलंय, बुजवीनही मीच. काय होतंय तुला?"

तिने एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "तू एवढी खटपट केलीस म्हणून बोलले नाही. आवाज येत नाही गं."

"येऊ नये म्हणूनच तर केलं सगळं."

"आवाज नसला की मला झोप नाही येत." ती पदराशी चाळा करत राहिली. "हे रात्रीचे निघायचे. मी दारात उभी राहायची. गाडी कोपऱ्यावर वळायची, मग नुसता आवाज यायचा, मग तोही संपायचा. तो संपला की माझी रात्र सुरू. कुठे असतील, थांबले असतील तर का थांबले असतील. इथे ते पंखे घोंघावतात ना, तेव्हा झोपेतसुद्धा मला कळत असतं की गाडी चालली आहे. आणि मी आत आहे." मग म्हणाली, "मध्येच तो आवाज बारीक व्हायचा बघ. तेव्हा झोपेतच धाकधूक व्हायची. वाटायचं, घेतली वाटतं कडेला."

काकांनी स्टिअरिंगवरचे हात काढले. "मी रजई घालत होतो."

"कशावर?"

त्यांनी सांगितलं. झाकणाचं, क्लीनरचं, पुढून मोकळं ठेवण्याचं, सगळं. काकू ऐकत राहिली. मग त्यांच्या बाहीवर हात ठेवून म्हणाली, "अहो, एकदा विचारायचं तरी."

"तू झोपलेली असायचीस."

मी पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ पाणी पीत राहिले.

त्याच दुपारी मशीन खोलीत परत आलं. मी कार्डावरचा भार थोडा कमी केला, त्यामुळे गेममधली झाडं जरा सपाट दिसायला लागली. काका म्हणाले, चालवणाऱ्याने झाडं बघायचीच नसतात. कार्डाचा भरवसा नाही, हेही मी सांगून टाकलं. भाजलेलं आहे, वर्षभर चालेल किंवा उद्याच जाईल. गेलं तर दुसरं बसवीन, पण असंच कोकलणारं शोधून आणीन. माझ्या धंद्यात अशी मागणी आजवर कुणी केली नव्हती.

काकांनी गाडी काढली. पंखे मोकळेपणी घोंघावायला लागले, आम्हाला एकमेकांशी मोठ्याने बोलावं लागत होतं. काकूला मात्र दुसरा मैलाचा दगडही दिसला नाही. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर सैल, अशी ती झोपली, आणि मला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. निघायला हवं होतं, पण मी मागे उभी राहून बघत राहिले.

पडद्यावर गोदामाचं वळण जवळ आलं. तिथे एकदा गाडी लागली की मशीनचं काम हलकं होतं आणि पंखे मंदावतात, हे काकांना आता ठाऊक होतं. त्यांनी इंडिकेटर दिला नाही. वळण मागे पडलं.

"काका, वळण गेलं तुमचं."

"गेलं."

"माल पोचायला उशीर होईल."

माल वेळेवर पोचवायचा म्हणून हा माणूस घरी एक रात्रसुद्धा कधी जास्त राहिला नव्हता. त्यांनी मान पूर्ण डावीकडे वळवली आणि काकूकडे पाहिलं.

"होऊ दे," ते म्हणाले. "आत्ताच डोळा लागलाय तिचा."

आणि त्यांनी गाडी पुढे घेतली.